दिवाळी ते पोळा: लातूरच्या दहा बाय चौदाच्या खोलीत ५.१ वर जुने रॉक कॉन्सर्ट

दिवाळीत घेतलेला सेट आता पोळ्यापर्यंत जवळजवळ रोज संध्याकाळी वाजलाय, तेव्हा लिहायला हरकत नाही. एक एव्ही रिसीव्हर (डिस्कचा आवाज घेऊन प्रत्येक स्पीकरला वाटून देणारा ॲम्प्लिफायर), पुढे तीन स्पीकर, मागे दोन आणि एक सबवूफर, म्हणजे फक्त खालच्या बासचा स्पीकर. पाच आणि एक, म्हणून ५.१; चहूबाजूंनी आवाज देतो म्हणून सराउंड सेट. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही. या किमतीतल्या सेटांमध्ये उन्नीस-बीसचा फरक. खरा फरक पडतो तो खोलीनं, आणि त्याहून जास्त डिस्कनं. सिनेमासाठी कोणता सेट चांगला यावर भरपूर लिहिलं गेलंय. मी घेतला तो फक्त कॉन्सर्टसाठी, त्यामुळे तेवढंच सांगतो.

आधी खोली. वर स्लॅब, खाली शहाबादी फरशी, भिंती उघड्या. टाळी वाजवली की घुमते. फरशीवर जाड सतरंजी टाकली, मागच्या भिंतीवर आईनं शिवलेल्या दोन वाकळा टांगल्या, आणि गाणाऱ्याचा आवाज एकदम जागेवर आला. पाहुण्यांना ते ध्यान विचित्र दिसतं, पण इतक्या स्वस्तात दुसरं काही मिळत नाही. रिसीव्हरसोबत छोटा माईक येतो. तो बसायच्या जागी कानाच्या उंचीला ठेवला की प्रत्येक स्पीकरचं अंतर आणि पातळी रिसीव्हर स्वतः मोजून घेतो. मात्र पंखा बंद, कूलर बंद, गल्लीत सामसूम, हे सगळं जमायला पहाटच गाठावी लागते.

मागचे स्पीकर खरं तर पाठीमागे नको, कानांच्या बाजूला आणि किंचित मागे हवेत. समोरून मोजलं तर साधारण ११० अंशांवर. आणि सबवूफरचा आवाज माईकनं ठरवून दिला त्याहूनही थोडा कमी ठेवावा. आपल्याकडे बास म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे वरातीतला डीजे येतो. छाती हादरली नाही तर पैसे वाया गेले असं वाटतं. रॉक कॉन्सर्टला तो हिशेब लागू नाही. पुढच्या छोट्या स्पीकरांना ८० हर्ट्झच्या खालचं झेपत नाही, तेवढं ओझं सबवूफरनं उचलायचं. बास गिटारची प्रत्येक नोट वेगळी ऐकू यायला हवी, सगळ्याचा मिळून एक धमधमाट नको.

आता डिस्क. पिंक फ्लॉइड या इंग्लिश बँडचा 'पल्स' हा लंडनच्या अर्ल्स कोर्टमधला २० ऑक्टोबर १९९४ चा कार्यक्रम, आणि सराउंड सेट कशासाठी घ्यायचा याचं माझ्यापुरतं उत्तर हेच. 'टाइम' गाण्यातले घड्याळांचे गजर बाजूनं, मागून उठतात. हा कोणी नंतर केलेला खेळ नाही. या लोकांनी १९६७ मध्येच लंडनच्या क्वीन एलिझाबेथ हॉलमध्ये श्रोत्यांच्या चहूबाजूंनी स्पीकर लावले होते. 'ॲझिमथ को-ऑर्डिनेटर' नावाची एक पेटी होती, तिच्या दांड्या फिरवून बँडचा कीबोर्डवादक रिचर्ड राइट आवाज हॉलभर फिरवायचा. म्हणजे हॉलमध्ये जे मागून येत होतं तेच घरीही मागून येतं. बाकी बहुतेक बँडांचं तसं नाही. ते समोर स्टेजवर उभे असतात, मागे असतात फक्त माणसं आणि हॉलची घुमार. तिथे मागच्या स्पीकरांनी गिटार वाजवायला घेतली की मला तो मिक्स, म्हणजे कुठला आवाज कुठल्या स्पीकरला याची वाटणी, पटत नाही. कॉन्सर्ट लावल्यावर थोड्या वेळानं मागचे स्पीकर आहेत हे विसरायला झालं, की समजायचं सेट बरोबर लागलाय.

ईगल्स या अमेरिकन बँडचा 'हेल फ्रीझेस ओव्हर' या कसोटीला उत्तम उतरतो. १९८० मध्ये फुटलेला बँड १९९४ मध्ये पुन्हा एकत्र आला, तेव्हाचा हा कार्यक्रम. त्यातलं अकूस्टिक 'हॉटेल कॅलिफोर्निया' स्पीकरच्या दुकानांत इतकं वाजवलं जातं की वीट यावा, पण दुकानदार ते उगीच लावत नाहीत. नुसत्या गिटारीनंतर तालवाद्यांचा जाड ठोका येतो, तो नीट थांबतो की मागे शेपूट सोडतो, यावरून सबवूफर कळतो. डिस्कवर डीटीएसचा (हा सराउंड आवाजाचा एक प्रकार) पर्याय असेल तर तोच लावा. आणि मागून येणाऱ्या टाळ्या इतक्या खऱ्या, की पहिल्या दिवशी आई गच्चीवरचे पापड आणायला उठली. तिला पत्र्यावर पाऊस आल्यासारखं वाटलं.

क्वीन या बँडच्या बाबतीत माझं मत बऱ्याच जणांना पटणार नाही. सगळे वेम्ब्लीचा १९८६ चा कार्यक्रम सांगतात. मला नोव्हेंबर १९८१ चा माँट्रियल जास्त आवडतो. वेम्ब्ली हे उघडं स्टेडियम, आवाज पसरलेला. माँट्रियलला बंदिस्त हॉल, स्टेजवर चौघंच, आणि चित्रीकरण ३५ मिमी फिल्मवर, त्यामुळे ब्लू-रेवर चित्रही स्वच्छ. पुढचा मधला, म्हणजे सेंटर स्पीकर चांगला असेल तर गायक फ्रेडी मर्क्युरीचा श्वाससुद्धा कळतो. पाचगणीच्या शाळेत शिकलेला मुलगा हा, हे सांगितल्यावर शेजारच्या काकांनी पहिल्यांदा अर्धा तास बसून ऐकलं.

लेड झेपेलिनचा 'सेलिब्रेशन डे', १० डिसेंबर २००७, लंडनचा ओटू हॉल. ड्रम्सवर बँडचा दिवंगत ड्रमर जॉन बॉनम याचा मुलगा जेसन. मोठ्यानं लावायची सोय असेल तरच घ्या.

वडिलांना यातलं काही रुचत नाही, अपवाद १ ऑगस्ट १९७१ च्या बांगलादेश कॉन्सर्टचा. सुरुवातीला रविशंकर, अली अकबर खाँ, अल्लारखाँ. वाद्यं लावून झाली तोच न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधली मंडळी टाळ्या वाजवतात, आणि रविशंकर हसून म्हणतात की जुळवणी एवढी आवडली असेल तर वादन आणखी आवडेल. वडील दर वेळी तिथे हसतात. सराउंड मिक्सही समजुतीनं केलेला, वाद्यं समोर आणि मागे फक्त हॉल.

साध्या स्टिरिओ रेकॉर्डिंगला मात्र पाचही स्पीकरांवर पसरवू नका. डीप पर्पल या बँडची १९७२ ची 'मेड इन जपान' माझ्याकडे सीडीवर आहे. एका बाजूला ऑर्गन, दुसऱ्या बाजूला गिटार, त्यांची जुगलबंदी आमनेसामने चालते. रिसीव्हरचा सराउंड मोड लावला की दोघंही विरघळतात. 'स्टिरिओ'चं बटण दाबायचं आणि मागच्या स्पीकरांना सुट्टी द्यायची.

जोडणीबद्दल एकच. प्लेअर थेट रिसीव्हरला एचडीएमआयनं जोडा. टीव्हीतून ऑप्टिकल वायरनं आणलं तर ब्लू-रेवरचा पूर्ण दर्जाचा आवाज येत नाही, बारकावे गाळून लहान केलेला येतो.

आता आपल्याकडच्या अडचणी. मे महिन्यात कूलर खिडकीत, म्हणजे मागच्या डाव्या स्पीकरच्या शेजारीच. त्याच्या घरघरीत हॉलची घुमार, हळू वाजणारी गिटार, सगळं बुडतं. डॉल्बीच्या (मिरवणुकीतली नव्हे, डीटीएससारखाच आवाजाचा प्रकार) डिस्कला रिसीव्हरचा नाइट मोड थोडा कामाला येतो, हळू आवाज वर उचलतो. पण मग मोठा आवाज मोठा राहत नाही. उन्हाळ्यात खरं ऐकणं रात्री अकरानंतर, कूलर बंद करून, घामाघूम होत.

आणि अकरानंतर वरच्या मजल्यावरची पोरं. लातूर म्हटल्यावर वर भाड्यानं नीटची तयारी करणारी मुलं असणारच. त्यातला एक खाली येऊन म्हणाला, "काका, गाण्याचं काही नाही, पण त्या धमधमीनं टेबल हालायलंय." भिंतीतून गाणं थांबतं, बास थांबत नाही. सबवूफर कोपऱ्यातून हलवला, खाली जुन्या टायरच्या रबराचे तुकडे घातले, तेव्हा टेबल थांबलं. तरी परीक्षा होईपर्यंत झेपेलिन कपाटातच.

विजेचा भरवसा नाही, तेव्हा रिसीव्हरला स्वतंत्र स्टॅबिलायझर लावलाय. साध्या इन्व्हर्टरवर वाजवलं तर स्पीकरमधून बारीक गुणगुण येते, त्यामुळे लाइट गेली की मी बंदच करतो.

खर्च डिस्क सोडून ५० हजारांच्या घरात गेला. एवढं बजेट नसेल किंवा मागचे स्पीकर लावायला जागा नसेल, तर त्यातल्या निम्म्या पैशांत दोन चांगले स्पीकर घ्या. फ्लॉइड सोडला तर फार काही चुकणार नाही. सेट घेतलाच तर मागच्या तारा पहिल्या दिवसापासून केसिंग पट्टीत घाला. माझी डावीकडची तार पावसाळ्यात उंदरानं कुरतडली, आणि मागचे स्पीकर मी इतके विसरलो होतो की दोन-तीन कॉन्सर्ट होईपर्यंत पत्ताच लागला नाही.