परिषदेचे छत्र की स्वतंत्र वाट : अलास्काच्या आइस हॉकी संघापुढील दोन पर्याय
अमेरिकेत विद्यापीठांचे संघ परिषदांमध्ये, म्हणजे आपापसांत ठरलेले सामने खेळणाऱ्या गटांमध्ये, विभागलेले असतात. २०२१ मध्ये सात विद्यापीठांनी डब्ल्यूसीएचए ही परिषद सोडून सीसीएचए ही जुनी परिषद पुन्हा उभी केली आणि अलास्का विद्यापीठाचा फेअरबँक्स येथील संघ स्वतंत्र, म्हणजे कोणत्याही परिषदेत नसलेला, झाला. माझ्या मते परिषदेचेच पारडे जड आहे, कारण तिच्यात बहुतेक सामने आपोआप ठरतात, प्रतिस्पर्ध्याला लांबचा विमानप्रवास टाळता येत नाही आणि विजेत्याला राष्ट्रीय स्पर्धेत थेट प्रवेश मिळतो. स्वतंत्र संघाला बलाढ्य प्रतिस्पर्धी निवडता येतात खरे. पण जानेवारीनंतर, इतर संघ आपापल्या परिषदांच्या सामन्यांत गुंतले की, तारखांसाठी अक्षरशः आर्जवे करावी लागतात. अलास्कात खेळलेले सामने हंगामातील सामन्यांच्या कमाल मर्यादेत न धरण्याची एनसीएएची (अमेरिकी महाविद्यालयीन खेळांच्या नियामक संस्थेची) सवलत पाहुण्यांना खुणावते, मात्र विमानतिकिटांचा खर्च तिच्याने भागत नाही.