मार्खा व्हॅली की एव्हरेस्ट बेस कॅम्प? दोन्ही करून आलेल्याचं मत

वर्षातून दोनदा तरी मला हा प्रश्न येतोच, एकदा मार्च संपता संपता आणि एकदा गणपती उठले की. हिमालयातला एक मोठा ट्रेक करायचाय, नुसते बर्फाचे डोंगर नकोत, गावं बघायचीत, गोम्पा म्हणजे बौद्ध मठ बघायचेत, गाईड असलेलाच पाहिजे, मग लडाखचा मार्खा व्हॅली करू की नेपाळमधलं एव्हरेस्ट बेस कॅम्प, म्हणजे ईबीसी? मी दोन्ही केलेत, मार्खा जुलैत आणि ईबीसी दिवाळीच्या सुट्टीत, आणि दोन्ही वेळेला तयारी म्हणजे रविवारचा सिंहगड आणि ऑफिसचे जिने एवढीच होती, त्यामुळे हे काही एक्सपर्टचं मत नाही.

लोक तुलना करताना उंची आणि किलोमीटर बघतात. पण असल्या ट्रेकमध्ये तुम्ही दिवसाला पाच-सहा तास चालता, सकाळी सातला निघालात की एक-दोनला मुक्कामाला टेकता. उरलेले अठरा तास कुठे आणि कोणाबरोबर काढता, ते विचारा. फरक तिथेच आहे.

मार्खात तुम्ही कोणाच्या तरी घरात राहता. स्क्यू, मार्खा, हांकर या गावांत होमस्टे आहेत, आणि ही पद्धत तिथे साधारण २००० नंतर सुरू झाली ती हिमबिबट्यामुळे. म्हणजे बिबट्या गोठ्यात शिरून एका रात्रीत शेळ्यामेंढ्या मारायचा, गावकरी चिडून बिबट्याला मारायचे, मग स्नो लेपर्ड कॉन्झर्व्हन्सीसारख्या संस्थांनी डोकं लावलं की बिबट्या जिवंत राहण्यात गावाला पैसे मिळाले पाहिजेत. अख्खा भाग हेमिस नॅशनल पार्कमध्ये येतो, ४,४०० चौरस किलोमीटरचं, देशातलं सगळ्यात मोठं. बिबट्या उन्हाळ्यात दिसत नाही, ती आशा सोडा, भरल म्हणजे निळ्या मेंढ्या मात्र भरपूर दिसतात.

तर घर. मार्खा गावात आम्ही ज्यांच्याकडे होतो त्या अमा-ले (आईला म्हणतात, मागचं ‘ले’ म्हणजे आपलं ‘जी’) संध्याकाळी चुलीशेजारी बसून कणकेच्या छोट्या गोळ्या करत होत्या आणि प्रत्येक गोळी अंगठ्याने दाबून तिची वाटी करून परातीत टाकत होत्या, एका लयीत, बोलता बोलता, परातीकडे न बघता. मी पण चार केल्या, त्यांनी त्या उचलल्या, बघितल्या आणि हसून परत माझ्याच हातात दिल्या. त्या मग बटाटा, मुळा आणि पालेभाजीच्या पातळ रश्शात शिजवतात, त्या पदार्थालाही स्क्यूच म्हणतात. पहिला घास घेतल्यावर आमच्यातला एकजण ओरडलाच, अरे ही तर चकोल्यांची बहीण! फोडणी नाही आणि गूळ-आमसूल नाही, बाकी तेच. मागच्या भिंतीवर फळ्यांवर तांब्या-पितळेची भांडी ओळीने मांडलेली, इतकी लख्ख की आपल्या आजीने बघितली असती तर मान डोलावली असती. आणि टॉयलेट म्हणजे वरच्या मजल्यावर जमिनीला भोक, शेजारी मातीचा ढीग आणि फावडं, काम झालं की माती लोटायची, पुढच्या वर्षी ते शेतात खत म्हणून जातं. कोणाला हे झेपणार नसेल तर आत्ताच ठरवा, तिथे जाऊन नाक मुरडू नका.

ईबीसीला टीहाऊस असतात. नाव टीहाऊस, प्रत्यक्षात लॉज. प्लायवूडच्या खोल्या, शेजारच्याने कूस बदलली तरी कळतं, आणि खाली मोठी डायनिंग रूम, मधोमध शेगडी, वर गेलं की तिच्यात याकच्या शेणाच्या गोवऱ्या. खोली स्वस्त देतात पण जेवण तिथेच घ्यायचं हा अलिखित नियम आणि जेवणाचा रेट उंचीबरोबर चढतो. अंघोळीचं गरम पाणी, चार्जिंग, वायफाय, सगळ्याचे वेगळे पैसे. मेनूत पिझ्झापासून सगळं आहे पण तुम्ही मुकाट दाल-भात घ्या, ताजं असतं आणि परत परत वाढतात. संध्याकाळ मजेत जाते, पण ती जाते जर्मन, कोरियन आणि बंगळुरूच्या ट्रेकर्सबरोबर पत्ते कुटण्यात. शेर्पा कुटुंब किचनच्या त्या बाजूला असतं, कामात बुडालेलं. बारा दिवसांत मी एकाही शेर्पा घराच्या चुलीपाशी बसलो नाही. त्यांचा दोष नाही, एका संध्याकाळी चाळीस जणांना जेवायला घालायचं म्हटल्यावर गप्पा कोण मारणार.

गोम्पांचं मात्र उलटं आहे, आणि हे कोणी सांगत नाही. मार्खा ट्रेक म्हणजे रोज मॉनेस्टरी असं समजून लोक जातात आणि मग वाटेतले गोम्पा बंद दिसतात. छोटे गावगोम्पा आहेत ते, कुलूप असतं, चावी गावात कोणाकडे तरी, तो माणूस शेतात. गाईड लोकल असेल तर तो हाका मारून चावीवाल्याला शोधून आणतो, नसेल तर तुम्ही बाहेरून फोटो काढता. मार्खा गावाच्या पुढे कड्यावर चिकटलेला तेचा गोम्पा आहे, त्याची चढण दम काढते, आम्हाला वर चावी मिळाली आणि आत काजळी धरलेल्या भिंती आणि एक लोण्याचा दिवा, बाकी कोणी नाही. मला ते फार आवडलं, सोबतच्या दोघांना “एवढ्यासाठी चढलो?” वाटलं. मोठे गोम्पा बघायचे ते लेहजवळ, विश्रांतीच्या दिवशी शे आणि ठिकसे, आणि ट्रेक उतरल्यावर हेमिस. हेमिसचा उत्सव जून-जुलैत येतो, तारखा जमवता आल्या तर जरूर जमवा, छाम म्हणजे लामांचा मुखवटे घालून केलेला नाच बघायला मिळतो.

खुंबूत, म्हणजे ईबीसीच्या भागात, गोम्पा जिवंत आहेत. तेंगबोचे ३,८६० मीटरवर, १९१६ चा, १९३४ च्या भूकंपात पडला, परत बांधला, १९८९ मध्ये नुकतीच वीज आलेली तर आगीत जळाला, परत बांधला. दुपारच्या पूजेला आत बसू देतात, बूट बाहेर, फोटो नाही, भिंतीशी मांडी घालून. समोर लामांची रांग, कर्णे, झांजा, आणि कडेला डाऊन जॅकेटवाले आम्ही सत्तर-ऐंशी जण, जॅकेटांची सळसळ आणि खोकला. दहा मिनिटांत निम्मे उठून गेले. पण बाहेर आल्यावर समोर अमा दबलम शिखर, ढग बाजूला झालेले, मग कसली तक्रार. ऑक्टोबर-नोव्हेंबरात इथे मणी रिम्डू उत्सव असतो. पांगबोचेचा गोम्पा त्याहून जुना आणि त्याहून शांत, तिथे ग्रुप थांबवायला गाईडला आधीच सांगून ठेवा नाहीतर तो पुढे दामटतो.

जाता जाता एक गंमत, मार्खाच्या तोंडाशी चिलिंग गाव आहे, तिथे पिढ्यानपिढ्या तांब्याची भांडी घडवणारे कारागीर, आणि ते सांगतात की त्यांचे पूर्वज नेपाळहून शे इथली बुद्धमूर्ती घडवायला आणलेले होते. म्हणजे अमा-लेंच्या फळीवरचा तो लखलखाट पण मुळात नेपाळचाच म्हणायचा.

आता उंची, कारण इथे चूक केली तर बाकी सगळं वाया. कागदावर दोन्ही सारखे वाटतात, मार्खातली ‘कोंगमारू ला’ ही खिंड (‘ला’ म्हणजे खिंडच) सव्वापाच हजार मीटरच्या आसपास आणि बेस कॅम्प ५,३६४. पण चढायची रीत वेगळी. ईबीसीला तुम्ही लुकलाला २,८६० वर उतरता आणि हळूहळू चढता, नामचेला ३,४४० वर एक जादा दिवस, दिंगबोचेला ४,४१० वर अजून एक, शरीराला वेळ मिळतो. त्रास पुढे, लोबुचे आणि गोरक शेपला, पाच हजारांच्या आसपास सलग दोन-तीन रात्री, झोप लागत नाही, भूक मरते. मार्खाला उलटं. विमान तुम्हाला थेट ३,५०० वर लेहला टाकतं, सकाळी पुण्यात चहा आणि दुपारी डोकं गरगरतंय. एकदा लेह पचलं की ट्रेक लेहपेक्षा खालून सुरू होतो, दरीत आरामात चढतो, आणि ४,७०० च्या वर एकच रात्र, निमालिंगला तंबूत, दुसऱ्या दिवशी खिंड ओलांडून खाली.

आमच्या आयोजकांनी (नाव घेत नाही) लेहला पोचल्याचा दिवस धरून दोनच रात्री ठेवल्या होत्या, कारण नऊ दिवसांत पॅकेज बसवायचं होतं. दुसऱ्या रात्री माझं डोकं असं ठणकलं की उशीला टेकवता येईना, आणि मी शहाणा, कोणाला बोललो नाही, ग्रुप थांबेल म्हणून. गाईडने जेवताना ताट बघितलं, अर्धं तसंच, काही न विचारता सकाळी सगळ्यांना सांगितलं की उद्या निघू, आज ठिकसे बघा. वरून फोनवर त्याला ओरडा पडला तो त्याने खाल्ला. म्हणून पॅकेज विचारताना किंमत नंतर, आधी विचारा लेहला किती रात्री, किमान तीन पाहिजेत, आणि हांकरनंतर थाचुंगत्सेला मुक्काम आहे की थेट निमालिंगला पळवणार. ईबीसीला विचारा नामचे आणि दिंगबोचे दोन्हीकडे जादा दिवस आहे का. नसेल तर दुसरा आयोजक बघा. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची का ते डॉक्टरला विचारून, ग्रुपमधल्या काकांना विचारून नाही.

बिघडलंच तर काय? खुंबूत फेरिचेला हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना सीझनमध्ये चालू असतो, हेलिकॉप्टर मिळतं. फक्त इन्शुरन्समध्ये सहा हजार मीटरपर्यंतचं ट्रेकिंग आणि हेलिकॉप्टर कव्हर आहे हे वाचून घ्या, आणि जरा डोकं दुखलं की लगेच हेलिकॉप्टर बोलवू म्हणणाऱ्यापासून सावध, २०१८ मध्ये नेपाळ सरकारच्याच चौकशीत यातले घोटाळे बाहेर आले होते. मार्खात आतमध्ये मोबाईलला रेंज जवळपास नाही, घोडा आणि गाईड हेच तुमचं ॲम्ब्युलन्स. आणि लडाखमध्ये आपलं प्रीपेड सिम चालतच नाही, पोस्टपेड लागतं, हे विमानतळावर कळलं की घरचे हवालदिल होतात. घरी बीपीचे आईवडील रोज फोनची वाट बघणारे असतील तर ईबीसी बरं, हे मी मनापासून सांगतो.

वाट? ईबीसीला वाट चुकणं अवघड, माणसांच्या मागे माणसं, मध्ये झोपक्यो (याक आणि गायीचा संकर) आणि खेचरांचे तांडे, जनावरं आली की डोंगराच्या बाजूला उभं राहायचं, दरीच्या नाही. मार्खात नदी पायी ओलांडावी लागते, दुपारी बर्फ वितळून पाणी चढतं म्हणून सकाळी निघायचं. ऊन प्रचंड, सावली नाही, आणि अधूनमधून लष्कराच्या जुन्या पॅराशूटचे तंबू, त्यात चहा आणि मॅगी. आता दरीत रस्ता पण आत घुसतोय, पूर्वी चिलिंगला झंस्कार नदी तारेवरच्या पाळण्यातून ओलांडायचे, आता पूल आहे, त्यामुळे सुरुवातीचा टप्पा धुळीचा. मार्खा करायचा असेल तर फार वर्षं थांबू नका.

खर्चाचं थोडक्यात. मार्खा सरळ स्वस्त, दिवस कमी, देश आपला. नेपाळला आपल्याला व्हिसा नाही, विमानाने जाताना पासपोर्ट किंवा व्होटर कार्ड ठेवा, पार्कची फी सार्क देशवाल्यांना १,५०० नेपाळी रुपये आहे, आपल्या १०० चे तिकडचे १६०, पण लुकलाचं विमान सगळं बजेट उडवतं. धावपट्टी ५२७ मीटरची, तीही उतरती, हवा बिघडली की विमान बंद, सीझनमध्ये काठमांडूऐवजी रामेछापहून उडतं म्हणजे मध्यरात्री जीपने निघा. परतीला दोन दिवस मोकळे ठेवाच, आमचा एक गेला.

आणि एव्हरेस्ट? बेस कॅम्पवरून शिखर धड दिसतच नाही, त्यासाठी पहाटे कालापत्थर चढावं लागतं. तिथे मी रडलो, कारण विचारू नका. मार्खात असा एकही क्षण नाही, कांग यात्से शिखर छान आहे, पण घरी कोणाला नाव सांगितलं तर “म्हणजे कुठे?” असं विचारतात.

मला स्वतःला परत जायचं झालं तर मार्खा, डोळे झाकून, चार रात्री लेहला आणि मार्खा गावात एक दिवस नुसतं बसायला. पण मागच्या महिन्यात हे सगळं ऑफिसातल्या एकाला दोन तास सांगितलं, त्याने पण वहीत टिपून घेतलं, मार्खाच करायचं ठरवलं. मग घरी कॅलेंडर उघडलं. मार्खा जून ते सप्टेंबर, म्हणजे मुलीची शाळा सुरू, बायकोच्या ऑफिसात ऑडिट, आणि नंतर घरचा गणपती. ईबीसी एप्रिल-मे किंवा दिवाळी. काल त्याने काठमांडूची तिकिटं काढली.