मिसिंगचा तपास अडलाय: प्राधिकरण की हेबियस?

अमळनेरच्या एका ताईंचा मेसेज आला, भाऊ गायब होऊन महिना झाला, स्टेशनात मिसिंगची पावती दिली आणि मग नुसतं "बघतो, उद्या या", आता पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे जाऊ की हायकोर्टात हेबियस (डांबून ठेवलेल्या माणसाला कोर्टापुढे हजर करायला लावणारी याचिका) टाकू.

खर्चात प्राधिकरण स्वस्त, वकिलाशिवायही तक्रार देता येते. हेबियसला वकील, त्यात आपल्या जळगाव-धुळे-नंदुरबारला खंडपीठ संभाजीनगरचं, म्हणजे एसटीच्या चकरा आल्याच, पण बायांना आणि एससी-एसटीला विधी सेवेचा वकील फुकट मिळतो, हे कोणी सांगतच नाही.

खरा फरक कामाचा. प्राधिकरण निघालं सुप्रीम कोर्टाच्या २००६ च्या प्रकाश सिंह निकालातून, ते पोलिसाची चूक तपासतं, माणूस शोधत नाही. कोर्ट थेट एसपींकडून तपासाचा रिपोर्ट मागवू शकतं, मग फाईल हलते. फक्त कोणीतरी डांबून ठेवल्याचा आधार पाहिजे, नुसतं हरवलाय म्हटलं तर याचिका टिकणं अवघड.

म्हणून ताई, कोणावर पक्का संशय असेल तर हेबियस. पोलिसाने पैसे मागितले, नोंदच घेतली नाही, तर प्राधिकरण. आणि अठराच्या आतलं लेकरू असेल तर आधी गुन्हाच नोंदवायला लावा, २०१३ पासून सुप्रीम कोर्टाचा तसा आदेश आहे.