अश्वगंधा चूर्ण: पावसाळ्यापासून घेतेय, काय फरक पडला

जूनमध्ये सुरू केलेली अश्वगंधा आता थंडी आली तरी चालू आहे म्हणून लिहितेय. घर ठाण्यात घोडबंदरला, ऑफिस नवी मुंबईत ऐरोलीला, त्यामुळे टेन्शन आयतंच मिळतं, त्यात क्लोजिंगच्या आठवड्यात अंग पार गळून जातं पण डोकं काही बंद होत नाही, रात्री दोनला टक्क जागी. वैद्यांनी अर्धा चमचा रात्री दुधातून सांगितलं, चूर्ण जांभळी नाक्यावरून आणलं.

चव कडवट आणि वास उग्र. नुसतं दुधात टाकलं तर गोळे तरंगतात आणि ते दाताखाली आले की सगळी मजा जाते. आधी पळीभर तुपात मंद आचेवर जरासं परतायचं, लगेच दूध ओतून एक उकळी, वरून खडीसाखर. मग सहज जातं.

फरक म्हणाल तर पहिले काही आठवडे शून्य. नवरा म्हणे, गरम दुधानेच झोप येतेय तुला, असेलही! पण गणपतीच्या सुमारास जाग आली तरी परत डोळा लागायला लागला. मॅनेजरचा फोन आला की धडधड अजून होते, फक्त लवकर उतरते. टेन्शन आलं की मेंदूकडून त्याच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीला, तिथून किडनीवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींना निरोप जातो आणि कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन वाढतं, हिचं काम तिथेच कुठेतरी चालतं म्हणतात. 2012 च्या एका भारतीय अभ्यासात रोज 600 मिलिग्रॅम मुळाचा अर्क 60 दिवस घेणाऱ्यांचं कॉर्टिसॉल जवळपास 28 टक्के उतरलं, पण माणसं सगळी मिळून 64, त्यातही निम्म्यांना नुसती औषध नसलेली कॅप्सूल, शिवाय तो अर्क होता, साधं चूर्ण नाही, तेव्हा हा आकडा दाखवून विकणाऱ्यांवर भाळू नका.

थायरॉइडची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका, हिने थायरॉइडचं हार्मोन वाढू शकतं. सासूबाईंनी माझ्या डब्यातलं मागितलं, मी दिलं नाही, दोन दिवस अबोला. गरोदरपणात तर नकोच. काहींना कावीळ झाल्याच्याही नोंदी आहेत, म्हणून डोळे पिवळट वाटले तर लगेच बंद.

मधे एका कंपनीच्या कॅप्सूल आणल्या, सोयीच्या होत्या पण पोटात जळजळ, परत चूर्णावर आले. घेताना लेबलवर मूळ लिहिलंय का ते बघा, पानं मिसळलेलं असेल तर राहू दे.