बर्मा साग सांगून रिकॉन विनियर गळ्यात मारलं

फर्निचर करताय? दुकानदाराने बिलावर नुसतं ‘डेकोरेटिव्ह प्लाय’ लिहिलं तर पैसे देऊ नका. आम्हाला ‘अस्सल बर्मा साग’ म्हणून १८५ रुपये फुटाने विनियर (लाकडाचा पातळ पापुद्रा) चिकटवलेल्या प्लायच्या ८ बाय ४ च्या १४ शीट विकल्या. ४४८ चौरस फूट, ८२,८८० रुपये, वर जीएसटी. निघालं रिकॉन, म्हणजे स्वस्त लाकडापासून बनवलेलं सागासारखं विनियर! पुण्यातच दुसरीकडे तेच ७० रुपयांनी मिळतं. सरळसरळ ५१,५२० रुपये लुबाडले. त्यात मिस्त्रीचं कमिशन किती, तुम्हीच ओळखा.

दुकानात शीट ओळीने उभ्या होत्या. पहिल्या शीटवर जिथे रेघांच्या कमानीचं टोक, तिथेच शेवटच्या शीटवरही. मी तेव्हाच विचारलं. ‘सिक्वेन्स मॅच आहे साहेब, एकाच ओंडक्याचं.’ आता यावर कोण संशय घेणार? खरं विनियर तसंच होतं. ओंडका उकडून मऊ करतात, मशीनवर साधारण अर्ध्या मिलिमीटरचे पापुद्रे काढतात, वाळवून त्याच क्रमाने गठ्ठा बांधतात, मग जोडून प्लायवर गरम प्रेसखाली चिकटवतात. लगतचे पापुद्रे सारखे दिसतातच. पण प्रत्येक कापाला रेघ जराशी सरकते. चौदा शीटमध्ये ती चांगलीच सरकायला हवी. माझ्या डोळ्यांसमोर ती तसूभरही सरकलेली नव्हती! आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

रिकॉन म्हणजे पॉप्लरसारख्या स्वस्त लाकडाचे पापुद्रे रंगवून, चिकटवून, साच्यात दाबून ठोकळा करायचा आणि तो पुन्हा कापायचा. माल वाईट नसतो, पण सागाच्या भावाने? पॉलिशवाल्याने भिंगातून दाखवलं: सागाची बारीक छिद्रं रेघेच्या अंगानेच जातात; आमच्या शीटवर रेघ एकीकडे, छिद्रं भलतीकडेच.

पोलीस चौकीत ऐकवलं, ‘हा दिवाणी मामला आहे.’ वैधमापनवाले म्हणाले, माप बरोबर आहे ना, मग आमचं काम नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली, तर ती दुकानदाराकडेच पाठवली. त्याने ‘बिलाप्रमाणे माल दिला’ असं उत्तर टाकलं आणि तक्रार बंद! चोराला विचारून चोरी ठरवायची, तर ही कार्यालयं हवीत कशाला? मला साधा फोनही कुणी केला नाही.

बिलावर ‘नैसर्गिक’, लाकडाची जात आणि आयएस १३२८ (विनियर प्लायचं भारतीय मानक) लिहून घ्या. मिस्त्रीला दुकान निवडू देऊ नका. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फी नाही, तिथे मी जातोय; मात्र नमुना तपासायचा खर्च तक्रारदाराच्याच माथी येऊ शकतो. म्हणून कापून उरलेला एक तुकडा पॉलिश न मारता जपून ठेवा, मागच्या शिक्क्यासकट.