साचिको एमची 'साइन वेव्ह सोलो': सीडी खराब नाहीये, ती अशीच आहे

आधीच सांगून ठेवतो, ही सीडी लावल्यावर पहिल्या दोन मिनिटांत तुम्ही उठून अ‍ॅम्प्लिफायरच्या मागच्या वायरी हलवून बघणार. मीही बघितल्या. सेकंडहँड कॉपी होती त्यामुळे पहिला संशय विकणाऱ्यावर, दुसरा प्लेअरवर, तिसरा स्वतःच्या कानांवर, आणि तेवढ्यात आतल्या खोलीतून आई ओरडली, "अरे, काहीतरी चालू राहिलंय बघ तुझं, शिट्टी वाजतेय कसलीतरी." तर ती शिट्टी म्हणजेच अल्बम. बाकी काही नाही त्यात. गाणं नाही, ताल नाही, सुरुवात-मध्य-शेवट असलं काही नाही, एक बारीक सूर येतो, राहतो, मग जातो. कधी दोन येतात. मध्येच टिक् असा आवाज. आणि बराच वेळ तर आपल्याला वाटतं की आता काही वाजतच नाहीये, मान थोडी वळवली की कळतं वाजतंय.

साचिको एम कोण ते सांगतो, कारण तिच्याबद्दल माहीत नसेल तर ही सीडी म्हणजे निव्वळ थट्टा वाटेल. जपानी बाई, जन्म 1973 चा. नव्वदच्या दशकात ओतोमो योशिहिदे या संगीतकाराचा ग्राउंड झीरो नावाचा एक अचाट बँड होता, त्यात ती सॅम्पलर वाजवायची. सॅम्पलर म्हणजे ज्यात दुसऱ्यांचे आवाज भरून ठेवायचे आणि बटण दाबलं की ते बाहेर काढायचे ते मशीन. आणि ग्राउंड झीरो म्हणजे काय कालवा होता तो! 1997 चा 'कन्झ्यूम रेड' ऐका, कोरियन सनईसारख्या एका वाद्याचा छोटासा तुकडा, तोच परत परत, आणि त्याच्या भोवती जवळपास तासभर अख्खा बँड चढत जातो, शेवटी शेवटी तर भिंत अंगावर पडल्यासारखं होतं. 1998 मध्ये हा बँड संपला. आणि मग या बाईने जे केलं ते मला अजूनही भारी वाटतं. तिने सॅम्पलर रिकामा केला. एकही आवाज आत भरायचा नाही असं ठरवलं. आता रिकाम्या सॅम्पलरमध्ये काय उरतं, तर मशीन नीट चालतंय का हे तपासायला कंपनीने आत ठेवलेला टेस्ट टोन, म्हणजे साधी साइन वेव्ह, एकाच फ्रिक्वेन्सीचा सरळ सूर. ती घेतली आणि तेवढ्यावर आख्खं करिअर उभं केलं. विचार करा, पेटीवाल्याने गाणी सोडून द्यावीत आणि नुसता भाता हलवत बसावं, आणि लोकांनी तिकीट काढून ते ऐकायला यावं.

'साइन वेव्ह सोलो' 1999 मध्ये अमीबिक या छोट्या लेबलवर आली. पंचवीसेक वर्षं झाली पण जुनी वाटत नाही, कारण जुनं वाटायला त्यात त्या काळातलं काही नाहीच ना, ड्रम मशीन नाही की त्या वेळचा एखादा फॅशनेबल इफेक्ट नाही.

आता मुद्द्याचं. ही सीडी हेडफोनवर ऐकू नका, निदान पहिल्यांदा तरी नको. मी तीच चूक केली, प्रवासात मोबाईलवर थोडंसं ऐकलं आणि "ह्या, हे काय, कान तपासायची टेस्ट आहे" म्हणून सोडून दिलं. मग कितीतरी महिन्यांनी घरी स्पीकरवर लावली आणि पाणी प्यायला म्हणून उठलो तर दोन पावलं चालेपर्यंत सूर तीनदा बदलला. सीडीत काही बदललं नव्हतं, बदललो होतो मी, म्हणजे माझ्या डोक्याची जागा.

ह्याचं कारण साधं आहे, शाळेत शिकलोय आपण पण कोणी असं ऐकवलं नव्हतं. स्पीकरमधून निघालेला सूर भिंतीवर आपटून परत येतो आणि जाणारा-येणारा मिळून खोलीत काही जागी आवाज दुप्पट होतो तर काही जागी जवळजवळ मरतो. साध्या गाण्यात हे कळत नाही कारण गाण्यात एका वेळी शेकडो फ्रिक्वेन्सी असतात, एक पडली तर दुसऱ्या सांभाळून घेतात. इथे एकच आहे. 1000 हर्ट्झच्या सुराच्या ध्वनिलहरीची लांबी साधारण 34 सेंटिमीटर असते, आणि आवाज मरतो ती जागा निम्म्या लांबीवर येते, म्हणजे दर 17 सेंटिमीटरवर एक खड्डा. 10000 हर्ट्झला तोच खड्डा पावणेदोन सेंटिमीटरवर. म्हणजे बोटभर मान हलली की सूर गायब, परत बोटभर, परत हजर. दोन कानांमध्येच एवढं अंतर असतं की एका कानाला तो आहे आणि दुसऱ्याला नाही. आवाज नक्की कुठून येतोय हेही कळत नाही, स्पीकरकडून येतोय असं वाटतच नाही, कधी छतातून, कधी डोक्याच्या आतून.

म्हणून मी म्हणतो की ही सीडी तुम्ही आणि मी सारखी ऐकूच शकत नाही. रिव्ह्यू लिहिणाऱ्याची ही पंचाईत आहे खरं तर. माझ्या खोलीत पुस्तकांचं कपाट आहे, समोर काचेची खिडकी, मी जे ऐकलं ते त्या कपाटाचं आणि खिडकीचं. तुमच्याकडे वेगळा अल्बम वाजणार. त्यात वयाचं पण आहे, विशीतला माणूस जे वरचे सूर ऐकतो त्यातले बरेचसे पन्नाशीत ऐकू येत नाहीत, तेव्हा घरात पोरगं कान झाकून पळालं आणि तुम्हाला काहीच ऐकू आलं नाही तर त्यात नवल नाही, वाईट वाटून घेऊ नका.

दोन सूर जवळजवळ आले की अजून मजा. एक 1000 वर आणि दुसरा 1003 वर असला तर सेकंदाला तीन वेळा लहर उठते, वांव-वांव-वांव. तंबोऱ्याच्या तारा जुळवताना शेवटी शेवटी जे ऐकू येतं ना, जी संपली की आपण म्हणतो जुळला, तीच ही लहर. आपल्याकडे ती घालवायची असते. इथे तीच ठेवलीय, आणि बाकी सगळं घालवलंय.

तक्रारी आहेत, नाही असं नाही. सलग एका बैठकीत मला आजवर ही पूर्ण ऐकता आलेली नाही, अर्ध्यावर डोकं जड होतं. काही जागा तर सरळ टोचतात, आणि मला असं वाटतं की तिला ते माहीत आहे आणि तिला पर्वा नाही. ऐकणाऱ्याला खूष करायचं नाही हे ठीक, पण एखाद्या ठिकाणी सूर इतका वेळ धरून ठेवलाय की मला ते धाडस कमी आणि हट्ट जास्त वाटला. आणि एक धोका सांगतो, गंमत नाही खरंच, फार वरचे सूर कानाला मोठे वाटत नाहीत म्हणून माणूस व्हॉल्यूम वाढवत जातो, आणि तेवढ्यात स्पीकरचा ट्विटर, म्हणजे वरचे सूर काढणारा छोटा भाग, जळू शकतो, कानाचं तर विचारूच नका. बोलण्याच्या आवाजाच्या खालीच ठेवा. कमी बिटरेटची एमपीथ्री तर अजिबात नको, 128 केबीपीएसची फाइल असेल तर साधारण 16000 हर्ट्झच्या वरचं बहुतेक वेळा कापलेलंच असतं, मग उरलं काय? सीडीच घ्या.

या सगळ्या संगीताला जपानमध्ये ओंक्यो म्हणतात, त्या शब्दाचा अर्थ आवाज, नाद असाच काहीतरी. आणि त्याची एक गोड गोष्ट सगळीकडे सांगतात की टोकियोत योयोगीला ऑफ साइट नावाची एक चिमुकली जागा होती, भिंती पातळ, शेजारी वैतागायचे, म्हणून तिथे सगळे हळू वाजवायला लागले आणि त्यातून हे संगीत जन्मलं. गोष्ट छान आहे पण ऑफ साइट सुरू झाली 2000 मध्ये, 2005 ला बंद झाली, आणि ही सीडी 1999 ची आहे. म्हणजे शेजाऱ्यांनी दम भरायच्या आधीच ही बाई गप्प बसली होती. कुणाच्या भीतीने नाही, स्वतःहून.

पुढचं काय घ्यायचं असं विचाराल तर मी नाकामुरा तोशिमारुबरोबरची 'डू' सांगेन, 2001 ची, अर्स्टव्हाइल लेबलची. नाकामुरा म्हणजे तो मिक्सरवाला, मिक्सर म्हणजे वेगवेगळे आवाज एकत्र करायचं मशीन, त्या मिक्सरची बाहेर जाणारी वायर परत त्याच मिक्सरच्या आत खुपसतो आणि जे किंचाळतं ते वाजवतो. एकीचा सॅम्पलर रिकामा, दुसऱ्याच्या मिक्सरला बाहेरचं काही जोडलेलंच नाही, म्हणजे दोघं मोकळ्या हाताने बसलेत. तरी तिथे निदान कुणाशी तरी बोलणं चाललंय असं वाटतं, त्यामुळे नवीन माणसाला ती सोपी. ओतोमो धरून तिघांची 'गुड मॉर्निंग गुड नाइट' 2004 ची, दोन सीड्या, ती मात्र घाईघाईत घेऊ नका. योशिदा आमी नावाची एक बाई आहे जी घशातून असे काही बारीक कुरकुरणारे आवाज काढते की ते माणसाचे वाटत नाहीत, तिच्याबरोबर साचिकोची कॉसमॉस नावाची जोडी, त्यांची 'टिअर्स' 2002 ची. या दोघींना आणि कावासाकी उता या इलेक्ट्रॉनिक संगीतकाराला मिळून 2003 मध्ये ऑस्ट्रियाच्या लिंझमधल्या आर्स इलेक्ट्रॉनिका महोत्सवाचा गोल्डन निका हा पुरस्कार मिळाला, डिजिटल संगीतात त्याच्यावर फारसं काही नसतं. ओतोमोच्या जाझ ऑर्केस्ट्रात पण ती असायची, सॅक्सोफोन, ट्रम्पेट सगळे जोरात आणि मध्ये ही एक सरळ रेघ ओढत बसलेली. ते मला फार आवडतं. जेवणात मीठ कुठे आहे ते दिसत नाही तसं.

आणि आता जे सांगणार आहे ते मला कळलं तेव्हा मी दोनदा तपासून बघितलं. 2013 मध्ये जपानच्या एनएचके या सार्वजनिक वाहिनीवर 'आमाचान' नावाची सकाळची मालिका लागायची, पंधरा मिनिटांचे 156 भाग, अख्खा देश बघत होता म्हणे. तिचं संगीत ओतोमोचं. त्या मालिकेत एक गाणं आहे, ऐंशीच्या दशकातल्या आयडॉल, म्हणजे कोवळ्या वयाच्या पॉपस्टारच्या गाण्यांची हुबेहूब नक्कल, कोइझुमी क्योकोने गायलेलं, लोकांच्या तोंडी बसलेलं, आणि त्याची चाल ओतोमोबरोबर कुणी बांधली तर ह्याच बाईने. साचिको एम. त्या वर्षीच्या जपान रेकॉर्ड अवॉर्डमध्ये संगीतकाराचं बक्षीस त्या चालीला मिळालं, आणि 31 डिसेंबरच्या रात्री एनएचकेच्या त्या प्रचंड मोठ्या गाण्यांच्या कार्यक्रमात ते वाजलं.

म्हणजे चाल बांधता येते तिला, उत्तम येते! "ह्यांना गाता-वाजवता येत नाही म्हणून हे असले प्रकार करतात" हे माझा एक मित्र नेहमी म्हणतो, त्याला मी ते गाणं ऐकवलं आणि मग ही सीडी लावली. तो गाण्यावर मान डोलवत होता. सीडीवर पण डोलवायला लागला, पाच मिनिटांनी बघतो तर खुर्चीत बसून मान हळूच डावीकडे न्यायची, थांबायचं, उजवीकडे न्यायची, थांबायचं. मी म्हटलं, काय करतोयस? तर म्हणे, "थांब रे, इथे बंद पडतं ते."