जास्त रेंज की जलद चार्जिंग? गाडी ठरवण्याआधी करायचा हिशेब

इलेक्ट्रिक गाडी बघायला गेलेला माणूस पहिल्यांदा विचारतो, ‘फुल चार्जमध्ये किती जाते?’ रोजच्या वापरासाठी या प्रश्नाला फारसा अर्थ नाही, कारण रात्रभर साध्या ७ किलोवॉटच्या एसी चार्जरवर लावलेली गाडी सकाळपर्यंत ५० युनिटं सहज घेते आणि तेवढ्यात २५०-३०० किमी होतात. लांबच्या प्रवासासाठी प्रश्न अपुरा आहे. तिथे विचारायचं ते असं: १० वरून ८० टक्क्यांवर जायला किती मिनिटं लागतात, आणि त्या ७० टक्क्यांत हायवेच्या वेगाने किती किलोमीटर होतात?

आधी रेंजचा आकडा सोलून घेऊ. युरोपातल्या डब्ल्यूएलटीपी या रेंज मोजायच्या चाचणीत गाडीचा सरासरी वेग ताशी ४६-४७ किमी असतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, त्यामुळे ताशी ११०-१२० ने गेलात की छापील रेंजमधले २० ते ३० टक्के गेलेच म्हणून समजा. छापील ५०० चे हायवेवर ३७५ होतात. शून्यापर्यंत कोणी नेत नाही आणि रस्त्यात १०० टक्क्यांपर्यंत भरत बसायला वेळ नसतो, म्हणून दोन थांब्यांमधलं खरं अंतर २६० च्या आसपास उरतं. टपावर सामानाची पेटी, समोरून वारा किंवा धो धो पाऊस असेल तर त्याहून कमी.

चार्जिंगच्या आकड्यात याहून मोठी गोम आहे. ‘१५० किलोवॉट फास्ट चार्जिंग’ हा कमाल आकडा असतो आणि बऱ्याच गाड्यांत तो बॅटरी खाली असताना काही मिनिटंच टिकतो. ५०-६० टक्क्यांनंतर वेग उतरू लागतो, ८० नंतर पार बसतो. सेल भरत आले की तोच करंट रेटल्यास लिथियम धातूरूपात साचण्याचा धोका असतो, म्हणून गाडी स्वतःच हात आखडता घेते. शेवटच्या २० टक्क्यांना अनेकदा आधीच्या ७० इतकाच वेळ लागतो. चार्जरवर ९५ टक्क्यांपर्यंत बसून राहणं हा शुद्ध वेळेचा अपव्यय, पुढच्या चार्जरचा भरवसाच नसेल तर गोष्ट वेगळी.

मोठी बॅटरी म्हणजे आपोआप जलद प्रवास, हा समज ह्युंदाईच्या जुन्या आयोनिकने चांगलाच मोडला. २०१६ च्या गाडीत २८ युनिटांची बॅटरी होती, २०१९ मध्ये ती ३८ ची झाली. रेंज वाढली. पण १०० किलोवॉटच्या चार्जरवर ८० टक्के गाठायला कंपनीच्याच आकड्यांनुसार जुनीला २३ मिनिटं लागायची, नवीला ५४. मिनिटामागे जुनी जवळजवळ एक युनिट घ्यायची, नवी अर्ध्याहून थोडं जास्त. त्यामुळे लांबच्या पल्ल्यात जुनीच पुढे निघायची. त्याच कंपनीची २०२१ ची आयोनिक ५ घ्या. ८०० व्होल्टच्या रचनेमुळे ताकदवान चार्जरवर ती १० ते ८० टक्के १८ मिनिटांत भरते.

आता दोन काल्पनिक गाड्या समोरासमोर ठेवू. ‘अ’ची बॅटरी ८५ युनिटांची, हायवेवर १०० किमीला १९ युनिटं, १० ते ८० टक्क्यांना ४५ मिनिटं. ‘ब’ची ६० युनिटांची, १०० किमीला १७, आणि १० ते ८० ला २० मिनिटं. दोन्ही घरून १०० टक्के भरून निघतात, मुक्कामी १० टक्के शिल्लक ठेवतात आणि प्रत्येक थांब्याला वळण, केबल, पेमेंट यांत पाच मिनिटं जातात.

न थांबता ‘अ’ ४०० किमी जाते, ‘ब’ सव्वातीनशेच्या आतच. म्हणजे मोठ्या रेंजचा ठळक फायदा ३२० ते ४०० किमीच्या पट्ट्यात आहे. ४५० किमीला ‘अ’चे १२ मिनिटं जातात, ‘ब’चे १६, यात निवडण्यासारखं काही नाही. ६०० किमीला ‘अ’ एकदा थांबते, ‘ब’ दोनदा, पण दोघींचा एकूण वेळ ३३ मिनिटांच्या आसपास सारखाच. ९०० ला ‘ब’ वीसेक मिनिटं आधी पोचते. छोटी बॅटरी म्हणजे वजन कमी आणि खरेदीचा खर्चही कमी, हे वेगळंच.

हा सगळा हिशेब मात्र चार्जर दमदार असेल तरच खरा. वाटेत ६० किलोवॉटचेच चार्जर असतील तर ‘ब’चं सगळं कसब वाया जातं: ६०० किमीला तिला ४८ युनिटं लागतात, म्हणजे पाऊण तासाहून जास्त, ‘अ’ला साडेसदतीस युनिटं, म्हणजे चाळीसेक मिनिटं. म्हणून गाडीआधी रस्ता तपासा. चार्जरच्या पाटीवर किलोवॉटशेजारी अँपिअर लिहिलेले असतात, ते वाचा. ‘१५० किलोवॉट, १००० व्होल्ट, २०० अँपिअर’ अशा मशीनवर ४०० व्होल्टच्या गाडीला २०० गुणिले साधारण ३७० व्होल्ट, म्हणजे जेमतेम ७४ किलोवॉट मिळतात. दोन गनांच्या (गन म्हणजे केबलच्या टोकाचा प्लग) मशीनवर शेजारी दुसरी गाडी लागली की ताकद वाटली जाते. उलट ८०० व्होल्टची गाडी फक्त ४०० व्होल्ट देणाऱ्या चार्जरवर लावली तर गाडीला व्होल्टेज स्वतः वाढवून घ्यावं लागतं आणि वेग बराच पडतो.

थंडीत दोन्ही बाजूंनी फटका बसतो. रेंज घटते, आणि गार बॅटरी १५० ऐवजी ४०-५० किलोवॉटच घेते. प्रीकंडिशनिंग (बॅटरी आधीच गरम करायची सोय) असलेल्या गाडीत चार्जर नेव्हिगेशनमध्ये मुक्काम म्हणून टाका, म्हणजे पोचेपर्यंत बॅटरी गरम होते. बऱ्याच गाड्यांत नुसता नकाशा उघडून गेलात तर ही सोय सुरूच होत नाही. उन्हाळ्यात उलटा त्रास: द्रवाने थंड होणारी बॅटरी नसलेल्या गाड्या, उदाहरणार्थ पहिल्या दोन पिढ्यांची निसान लीफ, एकाच दिवशी लागोपाठ दुसऱ्या-तिसऱ्या फास्ट चार्जला मंदावतात.

चार्जरवर अडतं ते बहुतेकदा पहिल्या अर्ध्या मिनिटात. केबल जड असते, तिच्या वजनाने गन खाली लोंबते, पिना नीट टेकत नाहीत आणि गाडी-चार्जरचा संवाद तुटतो. गन पूर्ण आत दाबा, लॉकचा आवाज येऊन चार्जिंग सुरू होईपर्यंत हाताने किंचित वर उचलून धरा. तरीही नाही झालं तर सेशन बंद करा, गाडी लॉक-अनलॉक करून पुन्हा लावा. दोनदा फसलं की शेजारची गन घ्या. म्हणूनच एकुलत्या एका मशीनच्या ठिकाणी ८ टक्क्यांवर पोचणं हा जुगार आहे. अशा रस्त्यांवर जास्त रेंजलाच मत, कारण तिच्यामुळे बंद मशीन सोडून पुढच्याकडे जाता येतं.

घरी किंवा कामाच्या जागी चार्जिंगच नसेल तर गणित बदलतं. आठवड्यातून एकदाच फास्ट चार्जरवर जायचं असेल तर मोठी बॅटरी बरी, पण ४५ मिनिटं तिथे रोज-परवा काढायची असतील तर जलद गाडीच परवडते. एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) बॅटरी असेल तर आठवड्याला एकदा १०० टक्के भरावी लागते, नाहीतर तिचा टक्केवारीचा काटा चुकीचं दाखवू लागतो. आणि ते शेवटचे टक्के फास्ट चार्जरवर फार वेळ खातात. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) बॅटरीला रोज ८० पुरे.

निर्णय पक्का करण्याआधी टेस्ट ड्राइव्हला गाडी १०-१५ टक्क्यांवर आणलेली मागा आणि तुमच्या नेहमीच्या रस्त्यावरच्या चार्जरवर लावा. १५, ४०, ६० आणि ८० टक्क्यांना पडद्यावर किती किलोवॉट दिसतात ते लिहा, सोबत बाहेरचं तापमानही. विक्रेता याला तयार नसेल तर त्या मॉडेलचा पूर्ण चार्जिंग-आलेख मागा, नुसता कमाल आकडा घेऊन परत येऊ नका.